ट्रकची ताकद जाते कुठं?

जगात जर्मनी, भारतात परभणी! ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. परभणीकर ती मोठ्या ऐटीत म्हणतात आणि बाहेरगावचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. कारण ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी म्हणही त्यांना ठाऊक असते ना! पण दोस्तांनो, आज जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात जर्मनी आणि परभणी खरोखरच शेजारी शेजारी येऊन बसतात. कुठं म्हणाल? ट्रकच्या पोटात!

गोष्ट १९९८ सालची. मी तेव्हा दहावीत होतो. नाताळच्या सुट्टीत मामांकडे मानवतला गेलो होतो. मानवत म्हणजे कापसाचं गाव. त्या दिवसांत जिनिंगच्या बाहेर कापसानं भरलेल्या गाड्यांची ही लांबलचक रांग लागलेली असायची, आणि हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे. मामांचा स्वतःचा सहा चाकी ट्रक होता. त्यात रुईच्या गाठी भरून ते लातूरच्या बाजूला निघाले होते. ‘मामा, मी पण येतो’ म्हणून मी हट्ट धरला. मामी नको नको म्हणत होती, पण मामांनी मला उचलून केबिनमध्ये बसवलंसुद्धा. शेजारी मामांचा क्लीनर. वय असेल सोळा-सतरा. म्हणजे माझ्यापेक्षा वर्ष-दीड वर्षानं मोठा, पण रुबाब असा की जणू ट्रक त्याचाच!

निघण्याआधी मामा मला हळूच म्हणाले, “परवा पंप जरा वाढवून घेतलाय. आता बघ गाडी कशी पळतीय ते.”

पंप वाढवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्हालाही कळलं नसेल तर थांबा, त्याच्याकडे येतोच आहे.

परभणी गेली, गोदावरीचा पूल आला, गंगाखेड गेलं. ट्रक खरंच झकास पळत होता. फक्त मागे बघितलं की काळाकुट्ट धूर. गंगाखेड ओलांडून दक्षिणेकडे गेलं की बालाघाटच्या डोंगररांगा सुरू होतात. आपल्या परभणीचा बहुतेक भाग कसा तव्यासारखा सपाट, काळ्या मातीचा. पण इथं मात्र चढ लागतात. रात्रीचे दहा वाजून गेले होते. एका चढावर मामांनी गिअर बदलला, ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन जोरात गरजलं... आणि ट्रक मात्र हळू झाला!

मामांनी आणखी जोर दिला. इंजिनाचा आवाज आणखी वाढला, पण ट्रक आणखी हळू. मग केबिनमध्ये एक घाणेरडा वास पसरला. जळक्या रबराचा आणि जळक्या केसांचा मिळून असतो ना, तसा. पायाखालून धूर यायला लागला. आणि ट्रक थांबला. नुसता थांबला नाही हं, मागे यायला लागला!

“दगड लाव रे!” मामा ओरडले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत क्लीनरनं दार उघडून उडी टाकली होती. मामांनी ब्रेकवर पूर्ण भार दिला होता. ट्रक दोन-तीन हात मागे सरकला आणि एकदम धक्का बसून थांबला. मागच्या चाकाखाली त्यानं मोठा दगड सरकवला होता. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय लटलटत होते. डाव्या बाजूला रस्त्याची कड, आणि कडेच्या पलीकडे नुसता अंधार.

ती रात्र आम्ही तिथंच काढली. शेकोटी केली, मामीनं दिलेल्या दशम्या खाल्ल्या. मामा फारसं बोलत नव्हते. मध्येच एकदा म्हणाले, “इंजिनाचा जोर वाढला, मग गाडी थांबली कशी काय?”

मुलांनो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून पुढं कधी गेलाच नाही. तो सोडवता सोडवता मी जे काही शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिल्यांदा पंपाचं बघू. पेट्रोलच्या मोटारीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट उघडते. डिझेल इंजिनाची तऱ्हा वेगळी. ते हवा नेहमी पोटभरच घेतं. त्याची ताकद कमी-जास्त होते ती डिझेल किती फवारलं त्यावर. हे मापून मापून डिझेल देण्याचं काम करतो तो पंप. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला सर्रास ‘मायकोचा पंप’ म्हणत, कारण १९५१ साली स्थापन झालेली बंगळूरची मायको कंपनी असे पंप बनवत आली. ती मूळ जर्मनीच्या बॉश कंपनीची भारतातली शाखा, आणि २००८ पासून तिचं नावही बॉशच झालं. आपल्या नाशिकलाही तिचा कारखाना आहे. आणि डिझेल हे नाव तरी कुणाचं? रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचं! त्याला या इंजिनाचं पेटंट १८९३ साली मिळालं, आणि नीट चालणारं इंजिन १८९७ साली तयार झालं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्याकडे भुईमूग काढणाऱ्यांनी हे वाचून हसावं की रडावं, देव जाणे!

तर, या पंपाला डिझेलची मर्यादा ठरवणारा स्क्रू असतो. कारखान्यातून निघताना तो नेमका लावून, सील करून देतात. पण तो फिरवला की जास्त डिझेल जातं. हवा जोवर पुरते तोवर ताकद वाढते. हवा पुरली नाही की उरलेलं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडतं. मामांच्या ट्रकमागचा तो काळाकुट्ट धूर म्हणजे खिशातून उडणाऱ्या नोटाच होत्या म्हणा ना.

आता मामांना पंप वाढवावा तरी का लागला? इथं जरा हिशेब करू. रुईची एक गाठ भरते १७० किलोची. त्या काळी दोन धुरांच्या, सहा चाकी ट्रकचं मालासकट एकूण वजन १६.२ टनांपर्यंत चालायचं. रिकामा ट्रक ६ टनांचा धरू. मग माल राहिला १०.२ टन, म्हणजे १०,२०० किलो. भागिले १७०. उत्तर आलं बरोबर ६०. म्हणजे साठ गाठी. आणि मामांच्या ट्रकमध्ये होत्या सत्तर! वरच्या दहा गाठींचं भाडं म्हणजे त्या फेरीचा खरा नफा. आमच्या मामांची यात चूक होती हे मी लपवत नाही. पण ट्रकचा हप्ता, टायर, डिझेल, दोन मुलांची शिक्षणं हा हिशेब त्यांना साठ गाठींत बसवता येत नव्हता, हेही खरं. (२०१८ साली केंद्र सरकारनं हीच मर्यादा १६.२ वरून १८.५ टनांवर नेली.)

बरं, वजन वाढलं, ताकदही वाढवली. मग अडलं कुठं?

त्यासाठी ताकद इंजिनापासून चाकापर्यंत कशी जाते ते बघायला हवं. एखादा मजबूत नट सोडवताना तुम्ही लांब पाना घेता ना? पाना जितका लांब, तितका पीळ जास्त. या पिळाला अभियंते ‘टॉर्क’ म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीचा पाना आडवा धरून त्याच्या टोकाला ५० किलोचं सिमेंटचं पोतं टांगलं, तर नटावर जो पीळ बसेल तो सुमारे ४९० न्यूटन-मीटर. आपण सोयीसाठी ५०० धरू. सहा सिलिंडरच्या ट्रकच्या इंजिनाचा पीळ साधारण एवढाच असतो. बस्स, एक सिमेंटचं पोतं! एवढ्यावर सोळा टन कसे ओढणार?

इथं गिअर कामाला येतात. सायकलच्या चढावर तुम्ही हलका गिअर टाकता, तेव्हा पाय भराभर फिरतात, चाक हळू फिरतं, पण जोर वाढतो. ट्रकच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन सात वेळा फिरलं की पुढचा शाफ्ट साधारण एकदा फिरतो. मागच्या धुरीवर डिफरेन्शियलचा गोळा दिसतो ना, त्यात हा वेग आणखी सहापट कमी होतो. सात गुणिले सहा, बेचाळीस. वेग बेचाळीसपट कमी झाला, पण पीळ बेचाळीसपट वाढला! ५०० चे झाले २१,०००. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर, म्हणून रस्त्यावर पडणारा जोर ४२,००० न्यूटन, म्हणजे चार टनांहून जास्त. (घर्षणात थोडा जातो, तो सोडून देऊ.) दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सोळा टनांच्या गाडीला वर ढकलायला लागतो साधारण १.६ टन. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडी आरामात चढते. आणि वरच्या गिअरमध्ये, जिथं गिअरबॉक्समध्ये पीळ वाढतच नाही? तिथं तुम्हीच आकडे मांडून बघा. उत्तर जेमतेम ६०० किलो येईल. म्हणून तर चढावर ड्रायव्हर एकामागून एक गिअर खाली आणत जातो.

पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक चकती असते, क्लच प्लेट. जेवायच्या ताटाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी. ती दात्यांनी जोडलेली नसते, पेचांनी नसते. नुसती स्प्रिंगच्या दाबानं इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबलेली असते. सगळी ताकद जाते ती केवळ घर्षणातून! दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबा आणि मित्राला एक हात फिरवायला सांगा. थोडा जोर केला तर दोन्ही हात बरोबर फिरतील. जास्त जोर केला तर? तळहात घसरतील आणि गरम होतील.

मामांच्या ट्रकचं नेमकं हेच झालं. क्लच प्लेट कारखान्यानं इंजिनाच्या मूळ पिळाला पुरेल, वर थोडी जास्तीची राहील, अशी दिलेली. ती जास्तीची ताकद प्लेट झिजता झिजता संपत आलेली. त्यात पंप वाढवून इंजिनाचा पीळ वाढवला, दहा गाठींचं वजन वर चढवलं, आणि समोर आला बालाघाटचा चढ. प्लेट घसरली. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचण्याऐवजी प्लेटवरच उष्णता होऊन बसली. तो घाणेरडा वास आला तो त्या जळणाऱ्या प्लेटचा. दुसऱ्या दिवशी ट्रक ओढून नेला, गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा प्लेट कोळशासारखी काळी निघाली. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं ती बदलली, त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “जोर वाढवला ना बाबा, तर तो जायला रस्ता पायजे. तुमच्या मामानं नदीला पूर आणला, पूल जुनाच ठेवला.”

आता तुम्ही म्हणाल, हे झालं आपल्या गिअरच्या दांड्याच्या ट्रकचं. ज्या गाडीत क्लचचा पाय नसतोच, गिअर आपोआप पडतात, तिचं काय? तिच्यात हा घोटाळा होत नसेल!

होतो की! आणि चांगला गाजलेला घोटाळा आहे. तो झाला अमेरिकेत.

१९८९ साली डॉज कंपनीनं आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. तिकडचे शेतकरी तिच्यामागे गुरांची, गवताच्या गठ्ठ्यांची मोठी ट्रेलरं जोडतात. हे इंजिन काही मोटारीसाठी बनवलेलं नव्हतं, ते ट्रक आणि शेतीयंत्रांच्या जातीचं. आणि गंमत ऐका: याच घराण्यातलं इंजिन पुढं आपल्याकडे आलं. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली भागीदारी करून जमशेदपूरला कारखाना काढला. टाटाच्या ट्रकवर आकड्यापुढे ‘टीसी’ अशी अक्षरं दिसत, ती ‘टाटा कमिन्स’ची. पुढं आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणलाही कारखाना झाला. म्हणजे अमेरिकेतल्या शेतावर जो आवाज घुमत होता, त्याचाच भाऊबंद परभणी-गंगाखेड रस्त्यावर घुमू लागला!

फरक एकच. आपल्या ट्रकमध्ये गिअरचा दांडा होता. तिकडं बऱ्याच गिऱ्हाइकांना आपोआप गिअर बदलणारी गाडी हवी होती. म्हणून कंपनीनं तिच्या हाताशी असलेला, १९६२ पासून मोटारींत चालत आलेला तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याला जोडला. गिअरबॉक्स वाईट नव्हता हं, चांगला नावाजलेला होता. पण मूळचा पेट्रोल इंजिनाचा सोबती! पेट्रोल इंजिन मिनिटाला चार-चार हजार फेरे घेतं आणि वरच्या वेगाला ताकद दाखवतं. हे डिझेल अडीच हजारांच्या आसपासच थांबतं, पण सतराशेलाच सगळा पीळ ओतून मोकळं होतं. तो पीळ होता सुमारे ५४० न्यूटन-मीटर. आपलं सिमेंटचं पोतं आणि वर पाच किलो!

आणि मग तिकडच्या लोकांनी काय केलं असेल? बरोबर! पंपाचा स्क्रू फिरवला. माणसं सगळीकडची सारखीच.

ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच्या जागी एक विलक्षण चीज असते. ती समजायला एक प्रयोग करू. घरात दोन टेबलफॅन आहेत? एक शेजारून आणा. (परभणीत वीज असेल ती वेळ साधा म्हणजे झालं!) दोन्ही समोरासमोर, हातभर अंतरावर ठेवा. जाळ्या काढू नका, मोठं माणूस जवळ असू द्या. एकाची पिन काढून ठेवा आणि दुसरा चालू करा. बघा, पिन काढलेला पंखाही हळूहळू फिरायला लागतो! दोघांना जोडणारं काहीही नाही, फक्त मधली वारा. आता वाऱ्याऐवजी तेल घ्या, दोन्ही पंखे एका बंद डब्यात अगदी जवळ बसवा. एक इंजिनाला जोडा, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये एक तिसरं छोटं चक्र ठेवा, जे परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशेला वळवून पहिल्या पंख्याला हातभार लावतं. झाला तुमचा टॉर्क कन्व्हर्टर! गाडी उभ्यावरून निघताना तो इंजिनाचा पीळ जवळपास दुप्पट करून देतो.

ही कल्पना कुणाची? पुन्हा जर्मनी! हेर्मान फॉटिंगर नावाचा अभियंता स्टेटिन बंदरातल्या जहाज कारखान्यात काम करत होता. जहाजाचं वाफेचं टर्बाइन फिरायचं फार जोरात, आणि पाण्यातला पंखा हवा हळू फिरणारा. ही जोडी जमवायला त्यानं १९०५ साली तेलातल्या पंख्यांची युक्ती काढली. (त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानं इंजिनात जबरदस्तीनं हवा भरणाऱ्या टर्बोचार्जरचं पेटंट घेतलं. १९०५ साल ट्रकवाल्यांना फार लाभलं म्हणायचं!)

पण तुमच्या प्रयोगात एक गोष्ट लक्षात आली का? दुसरा पंखा पहिल्याइतका जोरात कधीच फिरत नाही. थोडा मागेच राहतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही असंच. आणि ही जी मधली तूट, तिची उष्णता होते. ते इंजिन १६० अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे १२० किलोवॅटचं. पूर्ण जोरात असताना त्यातला फक्त दहावा हिस्सा घसरण्यात गेला तरी १२ किलोवॅट झाले. एक किलोवॅटच्या बारा इस्त्र्या एकाच वेळी तेलात बुडवून ठेवल्यासारखं! या तेलाला मुद्दाम लाल रंग दिलेला असतो, गळती झाली तर इंजिनाच्या तेलापासून चटकन वेगळी ओळखता यावी म्हणून. फार तापलं की ते लालाचं तपकिरी होतं, मग काळं, आणि वास येतो... हो, तोच! जळका. कारण त्या गिअरबॉक्सच्या आतही घर्षणाच्या चकत्या असतातच. एक लोखंडी, एक खरखरीत, अशा आलटून पालटून रचलेल्या. तेलाचा दाब त्यांना आवळून धरतो. कुठली थप्पी आवळली त्यावरून कुठला गिअर पडणार ते ठरतं.

गिअर मात्र तिथं सरकत नाहीत. मध्ये एक ‘सूर्य’, त्याभोवती फिरणारे ‘ग्रह’, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दात असलेलं कडं. खरंच त्यांना सूर्य आणि ग्रहच म्हणतात! कडं धरून ठेवलं तर एक वेग, सूर्य धरून ठेवला तर दुसरा, सगळे एकत्र बांधले तर तिसरा. भूगोलाच्या मास्तरांना विचारू नका, ते रागावतील.

तर अमेरिकेतले हे गिअरबॉक्स जळायला लागल्यावर तिथल्या मिस्त्रींनी ते सुधारायला घेतले. आणि हे काम मोठं शिकण्यासारखं आहे, कारण एक गोष्ट बदलून भागलंच नाही.

सगळ्यात आधी कन्व्हर्टर. मूळचा कन्व्हर्टर इंजिन खूप फिरेपर्यंत नुसता घसरत राहायचा. डिझेलचा सगळा जोर तर सतराशे फेऱ्यांनाच येऊन गेलेला! म्हणून मधल्या चक्राची पाती अशी घडवली की कमी फेऱ्यांनाच पकड यावी. दुसरं, गाडी वेगात आली की दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट बांधून टाकणारी एक चकती आत बसवली. मग घसरणं बंद, उष्णता बंद. कंपनीनंही १९९४ पासून या डिझेल पिकअपच्या ऑटोमॅटिकमध्ये अशी चकती दिली. पण स्क्रू फिरवणाऱ्यांना तीही पुरेना. त्यांनी एकाच्या जागी तीन-तीन चकत्या घातल्या!

मग तेलाचा दाब. चकत्या जास्त जोरात आवळायच्या तर दाब वाढवायला हवा, म्हणून तेलाच्या वाटा आणि झडपा असलेला जो भाग असतो त्यात बदल केले. दाब वाढला तशी गिअर पडतानाची सुस्तीही गेली. आधी एक गिअर सुटून दुसरा पकडेपर्यंत चकत्या थोडा वेळ घासत राहायच्या, आता खट्कन पकड. बसणाऱ्याला थोडा हिसका बसतो, पण चकत्या वाचतात. थप्प्यांमध्ये जागा काढून एखाद-दुसरी जास्तीची चकती घातली. आणि एवढं सगळं धरल्यावर काय झालं असेल? आता घसरायला काहीच उरलं नाही, तेव्हा आतला शाफ्टच पिळून तुटायला लागला! मग तो अधिक चिवट पोलादाचा. पुढं तेल थंड ठेवायला मोठा कूलर, खोल तळाची टाकी, आणि ड्रायव्हरच्या समोर तेलाचं तापमान दाखवणारा काटा. माझं म्हणणं विचाराल तर या सगळ्यात तो काटा सगळ्यात मोलाचा. साधारण ८०-९० अंशांवर तेल सुखात असतं. काटा १२०च्या पुढं सरकला की गाडी बाजूला घ्यायची. आमच्या मामांसमोर असा एखादा काटा असता तर?

हे वाचून कुणाला वाटेल, हे सगळे परदेशचे उद्योग. तसं नाही. आपल्या मनमोहन सुरी या अभियंत्यानं रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी अशीच एक जोडणी शोधून काढली. गाडी हलवताना तेलाचा टॉर्क कन्व्हर्टर, आणि वेग आला की सरळ लोखंडी जोड. दोन्हींतलं चांगलं ते घेतलं! ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावानंच ती ओळखली जाते. १९६२ सालचं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना मिळालं. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेल्या, स्टेशनात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या छोट्या डिझेल इंजिनांत ही जोडणी बसवली गेली.

आणि तुमच्या गावातला टॉर्क कन्व्हर्टर दाखवू का? विहीर खणायला, नाला सरळ करायला जो पिवळा जेसीबी येतो ना, त्याच्यात आहे! पुढच्या खोऱ्यानं तो मातीच्या ढिगाला भिडतो तेव्हा नीट बघा. चाकं जागच्या जागी थांबतात, पण इंजिन बंद पडत नाही, गुरगुरत राहतं. साध्या क्लचची गाडी असती तर एक तर इंजिन बंद पडलं असतं, नाहीतर प्लेट जळाली असती. इथं मधलं तेल घसरतं, तापतं आणि जोर लावत राहतं. आता नव्या काही भारतीय ट्रकांतही क्लचचा पाय नसतो, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी युक्ती निराळी आहे. आत आपलाच जुना क्लच आणि जुनाच गिअरबॉक्स. फक्त पायाच्या आणि हाताच्या जागी संगणकाच्या हुकमानं काम करणारं यंत्र.

मामांच्या ट्रकचं पुढं काय झालं ते राहिलंच. त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नवी प्लेट आणि प्रेशर प्लेट बसवली. ट्रक घेऊन निघताना मामांना म्हणाले, “पंप पहिल्यासारखा करून घ्या. नाहीतर पुढच्या खेपेला जॉइंट शाफ्ट घेऊन याल, त्याच्या पुढच्या खेपेला डिफरेन्शियल.” मामांनी परभणीला पंपवाल्याकडे ट्रक लावला. मशीनवर चढवून पंप मापात आणला, सील मारलं. त्या सगळ्याचं बिल, ट्रक ओढून नेल्याचे पैसे आणि बुडालेल्या चार दिवसांचं भाडं मांडून मामांनी वहीत एक आकडा लिहिला, आणि त्याच्याखाली त्या दहा गाठींचं भाडं. मी वही बघितली होती. वरचा आकडा खालच्याच्या कितीतरी पट होता. त्यानंतर साठच्या वर गाठी त्यांनी भरल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. कापसाच्या हंगामात कधी चौसष्ट, पासष्ट व्हायच्या. पण तो चढ ते खालच्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी चढायचे, आणि मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी ऐकायचे नाहीत.

आणि तो क्लीनर? ज्यानं अंधारात दगड लावला तो? पुढं त्यानं लायसन काढलं, काही वर्षं ट्रक चालवला, आणि मग चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत डंपरवर लागला. घराएवढा उंच डंपर, चढायला शिडी, आणि आत ऑटोमॅटिक! मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा मी विचारलं, “कसं वाटतं रे?”

“झ्याक!” तो म्हणाला. “फक्त इतकी वर्षं झाली, तरी चढ आला की डावा पाय अजून क्लच हुडकतोय.”